देवाशी भांडायची मुभा

मंडळींनो, समोर बसलेले बरेचजण आईबाप आहात, म्हणून स्पष्टच बोलतो. दृढीकरणाच्या वर्गात आपण मुलांकडून प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा, मतांगीकार घोकून घेतो. मग पांढरे कपडे, फोटो, घरी बिर्याणी. वर्षभरात त्याच मुलाचा रविवारी नेमका क्लास निघतो आणि आपण मोबाइलला शिव्या घालतो. मोबाइल बिचारा नंतर आला. तरुण संघात या मुलाला प्रार्थना करायला सांगा, तो हुबेहूब पाळकसाहेबांचा आवाज काढतो. "हे सर्वसमर्थ, परमदयाळू पित्या" इथून सुरुवात, आणि बारावीत उडालेल्या गणिताचा त्यात उल्लेखही नाही! ज्या गोष्टीने रात्रभर झोप नाही, तीच देवापासून लपवायची, हे त्याला कोणी शिकवलं? आपणच.

देवाशी मोकळेपणाने बोलायचं कसं, हे आपल्याच एका कवीकडून शिकता येईल. नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका परक्या सहप्रवाशाने नवा करार दिला. ते वाचत गेले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. पुढे 1895मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. आता तुकोबा म्हणजे विठ्ठलाला फैलावर घेणारे. ती सलगी टिळकांच्या भजनांत उतरली आहे.

पण तरुणांसाठी मला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई जास्त महत्त्वाच्या वाटतात. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या झाल्या नाहीत. काही वर्षं दूर राहिल्या. परत आल्या त्याही सोवळंओवळं घेऊनच. टिळकांनी ते चालू दिलं. एवढा तापट माणूस, पण इथे थांबला. मग जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाशी लक्ष्मीबाई एकट्याच झगडल्या. उत्तर सापडल्यावर आधी शिवाशीव सोडली, बाप्तिस्मा त्यानंतर. त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रातला हा भाग मुलांसोबत मोठ्याने वाचा. त्यांना हसूही येईल, बाई लिहितातच तसं.

आपल्या घरात मात्र पोरगी म्हणाली, "आजी गेली तेव्हा देव कुठे होता?", की आपण तिला गप्प बसवतो. अहो, हा प्रश्न शास्त्रातच आहे. तेरावं स्तोत्र देवाला 'किती काळ?' असं पुन्हापुन्हा विचारतं. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळ नाही. दीडशे स्तोत्रांत तक्रारीची कितीतरी आहेत आणि ती कोणी वगळली नाहीत.

तेव्हा घरी एवढं करून पाहा. मार्कचं शुभवर्तमान घ्या, चारांत सर्वांत लहान, सोळाच अध्याय. रोज अर्धा अध्याय वाचा आणि अर्थ सांगायला जाऊ नका. काय खटकलं, एवढंच विचारा. प्रार्थना मुलाला त्याच्या नगरी बोलीत करू द्या, मनात केली तरी चालेल. आणि आपल्या मंडळीत अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र शेवटचं कधी वाचलं गेलं, हे पाळकसाहेबांना जाता जाता विचाराच. ते इथेच पहिल्या रांगेत बसले आहेत.