शाळेची समिती आणि गावाचे उत्तरदायित्व



माध्यमिक शाळेचा विषय निघाला म्हणजे मुख्याध्यापक, शिक्षक, विद्यार्थी आणि शालान्त परीक्षेचा निकाल एवढ्याच गोष्टी सामान्यतः डोळ्यांपुढे येतात. या सर्वांच्या पाठीशी आणखी काही मंडळी असतात. त्यांची नावे शाळेच्या कार्यालयातील फलकावर लिहिलेली असतात. परंतु गावातील फारच थोड्यांना ती ठाऊक असतात. ही मंडळी म्हणजे शाळेच्या व्यवस्थापन समितीचे सदस्य होत. कुणी बागायतदार, कुणी दुकानदार, कुणी निवृत्त शिक्षक, कुणी पंच, तर कुणी घरसंसार सांभाळून बैठकीला येणारी माता. या कामाचे त्यांना वेतन मिळत नाही. तथापि शाळेचा पैसा कसा खर्च व्हावा, तिची पुढील दिशा कोणती असावी आणि तिच्यातील एखादे मूल मागे पडत असेल तर त्याची दखल कुणी घ्यावी, हे प्रश्न अखेरीस त्यांच्यापुढे येतात. पेडणे व डिचोली या दोन तालुक्यांच्या संदर्भात या कार्याचा विचार करणे उचित ठरेल.

लोकाश्रयाची परंपरा

गोव्यात शाळा उभी करणे हे काम प्रदीर्घ काळ लोकांनीच केले. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले आणि येथील हिंदू समाजाला नागरी समानतेचा लाभ होऊन संस्था स्थापन करण्यास मोकळीक मिळाली. त्यापूर्वीच, १९०८ साली पणजीत मुष्टिफंड संस्था स्थापन झाली होती. मूठमूठ साह्यातून विद्येचे काम चालवावे, ही कल्पना तिच्या नावातच आहे. १९११ साली फोंड्यात गोवा विद्याप्रसारक मंडळ स्थापन झाले. सरकारी तिजोरीकडे पाहत न बसता समाजाने आपल्या मुलांच्या शिक्षणाची सोय आपणच करावी, ही वृत्ती त्या काळी रुजली.

पेडणे व डिचोली हे तालुके नव्या काबिजादीतील. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते पोर्तुगीज अमलाखाली आले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा या भागातील खेड्यांना शाळांची मोठी निकड होती. पेडण्याचे सुपुत्र भाऊसाहेब बांदोडकर हे डिसेंबर १९६३ मध्ये गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या कारकीर्दीत गावोगावी सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या. चौथी उत्तीर्ण झालेली मुले पुढे कोठे शिकणार, हा प्रश्न त्यातूनच उत्पन्न झाला. काही ठिकाणी शासनाने माध्यमिक विद्यालये काढली. अनेक ठिकाणी स्थानिक शिक्षणसंस्थांनी ही जबाबदारी उचलली.

या शाळांच्या नावांवरून दृष्टी फिरविली तरी त्यांच्या पाठीशी कोणता समाज उभा होता हे कळते. पेडण्याचे श्री भगवती हायस्कूल, कोरगावचे श्री कमळेश्वर हायस्कूल, डिचोलीचे श्री शांतादुर्गा विद्यालय ही नावे त्या त्या ठिकाणच्या देवस्थानांशी जोडलेली आहेत. पेडण्याचे सेंट जोझफ व डिचोलीचे अवर लेडी ऑफ ग्रेस ही विद्यालये ख्रिस्ती समाजाच्या शिक्षणपरंपरेतून आलेली आहेत. हरमल येथील संस्थेने तर आपल्या नावातच 'पंचक्रोशी' हा शब्द धारण केला आहे. शाळा एका घराची किंवा एका वाड्याची नसून पाच कोसांतील सर्वांची, हा त्या शब्दाचा अर्थ ध्यानात ठेवण्याजोगा आहे. गावकारी आणि देवस्थान या संस्थांमुळे सामायिक मालमत्ता म्हणजे काय, हे गोमंतकीय खेडुताला समजावून सांगावे लागत नाही. देवाच्या पेटीतील नाणे आपले नव्हे, हे तो जाणतो. शाळेच्या पेटीकडेही त्याच भावनेने पाहणारा सदस्य हाच खरा विश्वस्त.

कायद्याची चौकट

सद्भावना आवश्यक आहे. तथापि तेवढ्यावर संस्था चालत नाहीत. गोवा, दमण व दीव शालेय शिक्षण कायदा १९८४ साली संमत झाला आणि त्याखालील नियम १९८६ साली आले. मान्यताप्राप्त खाजगी शाळेचा कारभार व्यवस्थापन समितीमार्फत चालावा, अशी योजना त्यांत आहे. शिक्षकांचे वेतन आणि शाळेचा चालू खर्च यांसाठी अनुदानित शाळांना शासनाकडून साह्य मिळते. म्हणजे शाळा संस्थेची असली, तरी तिच्यात खर्च होणारा पैसा बव्हंशी जनतेचा असतो.

पुढे बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम २१ अन्वये शासकीय व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असणे आवश्यक आहे. या समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत व एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला असाव्यात, असे कायदा सांगतो. दुर्बल व वंचित घटकांतील मुलांच्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. उदाहरणार्थ, समिती बारा जणांची असल्यास नऊ पालक व सहा महिला तीत असल्या पाहिजेत. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे आणि मिळालेल्या अनुदानाचा विनियोग नीट होतो किंवा नाही हे पाहणे, ही तिची प्रमुख कामे होत.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण त्याविषयी पुष्कळ ठिकाणी गैरसमज आढळतो. २०१२ सालच्या दुरुस्तीनुसार अनुदानित शाळांतील व अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांतील पालकप्रधान समितीचे कार्य सल्लागार स्वरूपाचे राहिले आहे. अशा शाळेत दोन समित्या नांदतात. १९८४ च्या कायद्याखालील व्यवस्थापन समिती निर्णय घेते व त्याबद्दल उत्तर देण्यास बांधील राहते. २००९ च्या कायद्याखालील समिती सल्ला देते. सल्लागार समितीचे म्हणणे निर्णय घेणाऱ्या समितीपुढे पोहोचलेच नाही, तर पालकांचा शब्द वाऱ्यावर जातो. यास्तव सल्लागार समितीचे इतिवृत्त व्यवस्थापन समितीच्या पुढील बैठकीत वाचून दाखविण्याचा साधा प्रघात प्रत्येक शाळेने पाडावा. त्यासाठी कोणताही खर्च येत नाही.

सही पुरेशी नाही

समितीवर पालकांची संख्या पुरेशी आहे, याचा अर्थ पालकांचा सहभाग आहे असा होत नाही. पुष्कळदा नोंदवहीत सही केली की आपले काम संपले, अशी सदस्याची समजूत असते आणि ती दूर करण्याची कुणालाही निकड वाटत नाही. बैठक कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता बोलावली, तर किनाऱ्यावरील हॉटेलात किंवा मोपा विमानतळावर पाळीने काम करणारा पेडण्याचा पालक तिला कसा येणार? काजूच्या हंगामात बागायतीत राबणारी माता, किंवा भाताच्या कापणीत गुंतलेले डिचोलीतील कुटुंब दुपारच्या बैठकीसाठी वेळ कोठून काढणार? बैठकीची वेळ पालकांना विचारून ठरवावी. रविवार किंवा सायंकाळ निवडावी. विषयपत्रिका काही दिवस आधी, साध्या मराठीत वा कोंकणीत, घरी पोहोचवावी. केंद्राच्या आदर्श नियमांत महिन्यातून किमान एक बैठक व्हावी व तिचे इतिवृत्त लोकांना पाहावयास मिळावे, अशी अपेक्षा आहे. इतिवृत्ताची प्रत शाळेच्या सूचनाफलकावर लावली, तर त्या फलकापुढे थांबणारा प्रत्येक गावकरी समितीचा साक्षीदार होतो.

बैठकीत सर्वांत कमी शिकलेल्या सदस्याला प्रथम बोलू द्यावे. ताळेबंदातील संज्ञा त्याला समजल्या नाहीत तर त्या समजावून सांगणे हे मुख्याध्यापकांचे व लेखनिकाचे कर्तव्य आहे. पावसाळ्यात कोणत्या वर्गाचे छप्पर गळते, मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आहे काय, मध्यान्ह आहार मुले आवडीने खातात काय, बालरथ कोणत्या वाड्यावर वेळेवर पोहोचत नाही, या गोष्टी त्याला अधिकाऱ्यांहून अधिक ठाऊक असतात. बालरथाचा विमा, चालकाचा परवाना आणि मुलांना सांभाळणारी मदतनीस या बाबींची विचारणा वर्षारंभीच व्हावी. बालकांच्या सुरक्षिततेसाठी गोवा बाल कायदा २००३ व केंद्राचा लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाचा कायदा २०१२ आहेत. अशा प्रकारची तक्रार आल्यास संस्थेच्या नावलौकिकासाठी ती आपसात मिटविण्याचा विचारही सदस्याने मनात आणू नये. ती पोलिसांकडे कळविणे कायद्याने बंधनकारक आहे.

अधिकाराची मर्यादा

आता दुसरी बाजू. समितीने शाळेकडे लक्ष द्यावे, याचा अर्थ तिने शाळा चालवावी असा नाही. इंग्लंडमध्ये सरकारी साह्याच्या शाळांवर नियामक मंडळे असतात. त्यांतील सदस्य विनावेतन काम करतात व काही पालकांमधून निवडून येतात. शाळेची दिशा स्पष्ट करणे, मुख्याध्यापकांकडून कामाचा जाब घेणे आणि पैशाचा विनियोग योग्य होतो की नाही हे पाहणे, ही तीन कामे त्यांच्याकडे असतात. दैनंदिन कारभार मुख्याध्यापकांचा. आपल्याकडेही हीच विभागणी हितावह आहे. कोणत्या शिक्षकाने कोणता तास घ्यावा, कुणाच्या उत्तरपत्रिकेत किती गुण द्यावेत, कुणाच्या पुतण्याला वरच्या वर्गात घालावे, हा सदस्याचा प्रांत नाही.

सर्वांत मोठी कसोटी शिक्षकांच्या नेमणुकीच्या वेळी लागते. अनुदानित शाळेतील नोकरी ही खेड्यात फार मोलाची गोष्ट आहे. नातलग, शेजारी, पक्षातील सहकारी, सर्वजण सदस्याच्या दारी येतात. नाही म्हणावे तर माणूस दुरावतो. होय म्हणावे तर जो शिक्षक पुढील तीस वर्षे गावातील मुलांना शिकविणार आहे, त्याची निवड शिफारशीवर होते. एका वर्षाच्या भिडेचे मोल तीस वर्गांतील मुलांना द्यावे लागते. जाहिरात, पात्रता व निवड यांविषयीचे नियम सदस्याला अडथळा वाटण्याचे कारण नाही. दारी आलेल्या नातलगाला दाखविण्यासाठी त्याच्या हाती दिलेली ती ढाल आहे. आपला आप्त उमेदवार असेल, तर सदस्याने त्या बैठकीतून आपण होऊन बाहेर बसावे व तशी नोंद इतिवृत्तात करावी.

नववीच्या उंबरठ्यावर

समितीच्या कामाचा खरा कस मात्र हिशेबाहून वेगळ्या ठिकाणी लागतो. २००९ च्या कायद्याचे संरक्षण वयाच्या सहा ते चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत आहे. मुलाने नववीत पाऊल ठेवले की ते छत्र डोक्यावरून दूर होते. माध्यमिक वर्गांसाठी शाळा व्यवस्थापन व विकास समितीची कल्पना २००९ सालच्या राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाने पुढे आणली. ते अभियान २०१८ मध्ये समग्र शिक्षा योजनेत समाविष्ट झाले. योजनेने समिती दिली. शाळा सोडू पाहणाऱ्या मुलाला थांबविण्याचे काम मात्र माणसांनाच करावे लागते.

आणि हेच वय नाजूक असते. डिचोली तालुक्याने २०१२ साली खाणी बंद झालेल्या पाहिल्या. त्या पुन्हा सुरू झाल्यावर मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर त्या पुन्हा थांबल्या. ट्रकांच्या कर्जाचे हप्ते थकलेल्या घरात चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने चार पैसे आणावेत, असा विचार येणे अस्वाभाविक नाही. पेडण्यात चित्र निराळे आहे. तेथे किनाऱ्यावरचा पर्यटनाचा हंगाम आणि २०२३ च्या जानेवारीपासून वाहतुकीस खुला झालेला मोपा विमानतळ यांमुळे काम जवळ आले आहे. एकीकडे कामाचा अभाव व दुसरीकडे कामाचा मोह; दोन्हींचा परिणाम नववीच्या हजेरीपटावर दिसू शकतो. प्रथम सोमवारची गैरहजेरी, मग चतुर्थीच्या सुट्टीनंतरचा आठवडा, मग सहामाही परीक्षा. नाव पटावरून निघण्यापूर्वी कित्येक महिने मूल मनाने शाळेबाहेर गेलेले असते.

वर्गशिक्षकाला ही गोष्ट प्रथम कळते. परंतु त्या घरी जाऊन बसण्याइतकी जवळीक त्याच्यापाशी असेलच असे नाही. ती समितीच्या सदस्यापाशी असते. तो त्याच वाड्यावर राहतो. मुलाच्या वडिलांना 'बाबा' आणि आईला 'वहिनी' म्हणून हाक मारतो. प्रत्येक बैठकीत सलग दहा दिवस न आलेल्या मुलांची संख्या मुख्याध्यापकांनी सांगावी आणि नावे बोभाटा न करता त्या त्या वाड्यावरील सदस्याकडे सोपवावीत. सदस्याने सायंकाळी जाऊन चौकशी करावी. अडचण शुल्काची आहे, प्रवासाची आहे, आजारपणाची आहे की गणितात मागे पडल्याच्या लाजेची आहे, हे समजले म्हणजे उपाय सापडतो. शिष्यवृत्तीचा अर्ज, बालरथाचा एक जादा थांबा किंवा निवृत्त शिक्षकाची आठवड्यातून दोन संध्याकाळची शिकवणी, यांपैकी एखाद्या गोष्टीनेही मूल दहावीपर्यंत पोहोचू शकते.

हे काम कोणत्याही अहवालात ठळकपणे छापले जात नाही. शालान्त परीक्षेच्या निकालाची टक्केवारी परीक्षेस बसलेल्या मुलांवरून काढली जाते. परीक्षेपूर्वीच निघून गेलेले मूल तीत मोजले जात नाही. म्हणून शंभर टक्के निकालाचे अभिनंदन करणाऱ्या सभेत एखाद्या सदस्याने एवढेच विचारावे, की दोन वर्षांपूर्वी नववीत किती मुले होती आणि त्यांपैकी आज किती उत्तीर्ण झाली? या प्रश्नाचे उत्तर ज्या शाळेला संकोच न बाळगता देता येते, त्या शाळेची समिती आपले कर्तव्य बजावीत आहे असे समजावे.

'गाव करील ते राव काय करील' अशी म्हण आहे. शासन इमारत, वेतन व पुस्तके देऊ शकते; भागशिक्षणाधिकारी तपासणी करू शकतात. घरात बसून राहिलेल्या मुलाच्या अंगणात जाऊन त्याला हाक मारणे गावालाच शक्य आहे. येत्या वर्षी समित्यांची पुनर्रचना होईल तेव्हा शिक्षकांनी व पालकांनी वजनदार नावे शोधीत बसू नये. बैठकीला नियमित येणारी, हिशेब विचारणारी आणि ती हाक मारण्यास न संकोचणारी माणसे निवडावीत. त्यांत मातांची संख्या निम्म्याहून अधिक झाली, तरी कायद्याची हरकत नाही.