तुमचा सा कोणता?

फौजेतून निवृत्त झालेला माणूस गाण्यावर काय बोलणार, असं काहींना वाटेल. मी गवई नाही, साठीनंतर पेटी उघडलेला विद्यार्थी आहे. आज बोलतोय तेही अशाच उशिरा सुरुवात करणाऱ्यांशी.

पहिला शब्द षड्ज, म्हणजे सा. पेटीची पहिली पांढरी पट्टी म्हणजे सा, असा पुष्कळांचा समज असतो. पाश्चात्त्य संगीतात सुरांची जागा ठरलेली असते. आपल्याकडे सा गाणाऱ्याच्या गळ्यावर ठरतो. पुरुषांना बहुधा काळी एकच्या आसपासची पट्टी सोयीची पडते, बायकांना काळी चार किंवा काळी पाच. पण हा झाला अंदाज. कसोटी अशी: खाली मंद्र पंचम स्पष्ट ऐकू आला पाहिजे आणि वर तार सप्तकातला गंधार शिरा न ताणता लागला पाहिजे.

हे मी इतकं लावून धरतोय, कारण महाराष्ट्राबाहेर राहणारे आपले बरेच लोक व्हिडिओ बघून शिकतात. पडद्यावरची बाई काळी पाचमध्ये गाते आणि इकडे काका तिच्या मागे धावतात. महिन्याभरात घसा बसतो. मग 'आपल्या गळ्यात गाणंच नाही' म्हणून पेटी माळ्यावर जाते. गळा ठीक होता हो, पट्टी दुसऱ्याची होती!

सप्तक समजायला आमचा बॅगपाइप बघा. खांद्यावरच्या तीन नळ्या सतत एकच सूर धरतात, दोन वरच्या सप्तकात, तिसरी खालच्या. कंपनसंख्या दुप्पट झाली की तोच सूर वरच्या सप्तकात येतो. तानपुराही असाच आधार धरून ठेवतो. सप्तकात सूर एकूण 12: सात शुद्ध, रे-ग-ध-नी कोमल आणि म तीव्र. सा आणि प अचल, जागचे हलत नाहीत.

आता लय आणि ताल. 'तेज चल'मध्ये मिनिटाला 120 पावलं पडतात, ती लय. 'धीरे चल' म्हटलं की लय विलंबित. कदमताल करताना माणूस जागेवरच असतो, तरी लय चालूच. ताल म्हणजे त्याच लयीत ठरावीक मात्रांचं आवर्तन. परेडचं आवर्तन दोनाचं, बाएँ-दाएँ. तीनतालाचं 16 मात्रांचं, चार-चारचे चार विभाग.

चला, हात पुढे घ्या. 1, 5 आणि 13 वर टाळी. 9 वर टाळी नाही, हात बाजूला उघडायचा, ती खाली. पहिली मात्रा ती सम. नवखे 16 वर थांबतात, पण आवर्तन तिथे मिटत नाही. पुढच्या 1 वर या, मग थांबा.


पुन्हा एकदा, सावकाश.