हिवाळी भाजीपाला : निवड पाण्यावरून करा



जुन्नर-आंबेगावात थंडी पडू लागली, की मेथी, कोथिंबीर, वाटाणा, कोबी, फ्लॉवर, बटाटा सगळेच साधते. म्हणून शेजाऱ्याने लावले तेच आपणही लावतो, माल एकदम बाजारात येतो आणि भाव पडतो. त्याऐवजी आपल्या विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरेल, हे आधी पाहा.

पाणी डिसेंबरअखेर आटत असेल तर मेथी, कोथिंबीर घ्या. मेथी महिनाभरात, कोथिंबीर ४० ते ४५ दिवसांत निघते. सर्व क्षेत्र एकदम न पेरता नोव्हेंबरात आठ-आठ दिवसांनी थोडे थोडे पेरा. फेब्रुवारीपर्यंत पाणी असल्यास नोव्हेंबरातच बटाटा लावा. कंद पोसण्यास सुमारे २० अंश सेल्सिअस तापमान मानवते. कालव्याच्या आवर्तनाची खात्री असेल तरच डिसेंबरात रब्बी कांद्याची लागण करा. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘एन-२-४-१’ वाण साठवणीत टिकतो. काढणीच्या वेळी भाव नसला, तरी थांबता येते.

फ्लॉवरचे बियाणे घेताना वाणाचा हंगाम विचारून घ्या. लवकर येणारा वाण कडक थंडीत लावल्यास गड्डा बटणाएवढाच राहतो.

घरासाठी मात्र गाजर, मुळा, पालकाचे दोन वाफे ठेवाच. बाजार पडला तरी ते वाया जात नाहीत.