पत्ते खोटे की हिशेब खोटा?

 

आज मोबाईलवरच्या पत्त्यांबद्दल बोलायचं आहे. रमी, तीन पत्ती, पोकर. खेळणारा बहुतेक घरातला पुरुष असतो, पण त्याच्या हरण्याची खबर आधी चुलीला लागते. किराण्याची उधारी वाढते, सोयाबीनचे पैसे आले कधी आणि गेले कधी ते कळत नाही, आणि बचत गटाचा हप्ता थकतो.

असं झालं की घरात दोन वाक्यं ऐकू येतात. एक, "माझं नशीबच फुटकं." दुसरं, "ॲपवालेच चीटिंग करतात, मुद्दाम खराब पत्ते देतात." आज आम्ही ही दोन्ही वाक्यं तपासणार आहोत. कारण ही वाक्यं खरी की खोटी, यापेक्षा ती पुढं काय करायला लावतात, ते आपल्या घराला जास्त महाग पडतं.

आधी नशीब. एक नाणं घ्या आणि शंभर वेळा उडवा. छापा की काटा, लिहीत जा. सलग पाच वेळा एकच बाजू आली, असं त्या यादीत कुठंतरी सापडेलच. शंभरदा उडवूनही ते दिसलं नाही, असं क्वचित होतं. नाणं खोटं नसतं. खऱ्या नाण्याची चाल तशीच असते. पण त्या पाच वेळा आपले पैसे लागलेले असतील, तर आपल्याला वाटतं, कुणीतरी करणी केली.

पत्त्यांचंही तसंच. पोकरमध्ये हातात दोन एक्के येणं म्हणजे सगळ्यांत भारी सुरुवात. समोरच्याकडं दोन राजे आहेत असं धरू. तरीही शंभरातल्या साधारण १८ डावांत राजेवाला जिंकतो. ते १८ डाव एकामागून एक आले तर माणूस मोबाईल आपटतो. आणि जे ८२ डाव जिंकले, ते त्याच्या लक्षात राहत नाहीत, कारण जिंकणं त्याला आपलं हक्काचं वाटतं.

आपल्या भागात हे समजायला नाणंही लागत नाही. पावसाची सरासरी दरवर्षी कागदावर असते. म्हणून दरवर्षी तेवढाच पाऊस पडतो का? तीन वर्षं कोरडी गेली म्हणून चौथ्या वर्षी आभाळानं भरपाई द्यावी, असा करार नसतो. शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला हे पाठ असतं. पण तेच मोबाईल हातात घेतलेल्या माणसाला वाटतं, इतके डाव हरलो, आता येणारच. पत्त्याला मागचा डाव आठवत नाही, मैत्रिणींनो. प्रत्येक डाव नव्यानं पिसला जातो.

आता दुसरं वाक्य, चीटिंगचं. असं कधी होतच नाही, असं आम्ही म्हणणार नाही. झालेलं आहे. २००७ साली ॲब्सोल्यूट पोकर आणि २००८ साली अल्टिमेट बेट, या दोन परदेशी साइटवर आतल्या लोकांना समोरच्याचे झाकलेले पत्ते दिसत होते, हे उघड झालं. पण ते उघड कसं झालं, ते ऐका. "मला सारखे खराब पत्ते येतात" असं कुणाला वाटलं म्हणून नाही. खेळणाऱ्यांनी खेळलेल्या डावांच्या नोंदी काढून तपासल्या. समोरचा माणूस इतका अचूक जिंकतोय, की झाकलेले पत्ते पाहिल्याशिवाय ते शक्य नाही, असं आकड्यांतून दिसलं. एका रात्रीच्या हरण्यावरून चोरी सिद्ध होत नाही, आणि नाकारताही येत नाही. खेळणाऱ्याच्या हातात त्या नोंदी नसतात, म्हणून तो नुसता संशय घेऊन बसतो.

पण समजा, पत्ते शंभर टक्के खरे आहेत. कुणी काही चोरलं नाही. तरी पैसे जातात. कसे, ते आपल्या भिशीच्या हिशेबानं पाहू.

आपल्या भिशीत जेवढे जमा होतात, तेवढे कुणातरी एकीला मिळतात. मध्ये कुणी कापत नाही. आता असं धरा की सहा जण रमीला बसले. प्रत्येकानं १०० रुपये लावले, जमा झाले ६००. ॲपनं आपला दहा टक्के वाटा, म्हणजे ६० रुपये, आधी काढून घेतला. जिंकणाऱ्याला मिळाले ५४०. दहा डावांनी ॲपकडं गेले ६००. पन्नास डावांनी ३०००. शंभर डाव झाले तर ६०००, म्हणजे सहा जणांनी प्रत्येकी हजार रुपये आणले असतील, तर सगळेच्या सगळे. पत्ते इकडून तिकडं फिरत राहिले, कुणी जिंकलं, कुणी हरलं, पण पैशाचं पाणी एकाच बाजूला वाहत होतं. आणि मोबाईलवर एक डाव काही मिनिटांत संपतो. शंभर डावांना काही रात्री पुरतात.

चांगला खेळणारा जिंकत नाही का? जिंकतो. १९६७ साली सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की तेरा पत्त्यांच्या रमीत मुख्यतः कौशल्य लागतं, ती तीन पत्तीसारखी निव्वळ नशिबाची नाही. पुढं वर्षानुवर्षं कंपन्या हाच निकाल दाखवत राहिल्या. पण कौशल्याचा खेळ म्हणजे जास्त हुशार माणसाचा खेळ. तो हुशार माणूस जिंकतो, ते पैसे कमी हुशार माणसाच्या घरचे असतात. आणि त्यालाही आधी ॲपचा वाटा भरून मगच नफा दिसतो. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा खेळात भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला, आणि निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर होताच.

मग नशीब आणि चीटिंग ही वाक्यं घातक का? कारण दोन्हींतून पुढचा डाव निघतो. नशीब फुटकं म्हणणारा म्हणतो, नशीब पालटेल. ॲप चोर म्हणणारा ते ॲप काढून टाकतो आणि दुसरं घेतो. हरलेला जुगारी दुप्पट खेळतो, असं आपल्या आज्या उगीच म्हणत नव्हत्या. "मी या खेळात पैसे घालवतोय" हे तिसरं वाक्य मात्र त्याच्या तोंडून निघत नाही.

महाभारतातली द्यूतसभा आठवा. शकुनीचे फासे खोटे होते की काय, यावर लोक आजही बोलतात. पण सभेत ओढून आणलेल्या द्रौपदीचा पहिला प्रश्न फाशांचा नव्हता. तिनं विचारलं, धर्मराज आधी स्वतःला हरले की मला? म्हणजे, मला पणाला लावायचा हक्क त्यांना उरला होता का? सभेतल्या थोरामोठ्यांना त्याचं सरळ उत्तर देता आलं नाही. आपणही पत्त्यांवर भांडण्यापेक्षा हाच प्रश्न विचारू या. जे लावलं, ते कुणाचं होतं? लेकीच्या फीचं? गटाच्या कर्जाचं? माझ्या खात्यावर आलेलं?

आता कायदा. आपल्या शेजारच्या तेलंगणानं २०१७ सालीच पैसे लावून ऑनलाइन रमी आणि पोकर खेळण्यावर बंदी आणली. सीमेच्या अलीकडं आपल्याकडं मात्र हे चालू राहिलं. मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा केला. कौशल्याचा असो की नशिबाचा, पैसे लावून खेळायचा प्रत्येक ऑनलाइन खेळ बंद. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. या कायद्याला न्यायालयात आव्हानही दिलं गेलं. पण कायदा आला म्हणून डोक्यातली ओढ जात नाही, आणि झालेलं कर्जही फिटत नाही. आता कुणी लिंक पाठवून "हे चालू आहे" म्हणत असेल, तर तिथं पत्ते खरे की खोटे हे विचारायलाही कुणी नाही.

म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिली, भांडण्याआधी हिशेब. बँकेतून सहा महिन्यांचा उतारा काढा. खेळात गेले किती, परत आले किती, दोनच आकडे कागदावर लिहा. जिंकल्याच्या गोष्टी त्या कागदापुढं टिकत नाहीत.

दुसरी, हरलेलं भरून काढायला गटाचं कर्ज उचलू नका, डाग गहाण ठेवू नका. आपला यूपीआय पिन आणि ओटीपी आपल्यापाशी ठेवा. नवऱ्यालाही नाही म्हणता येतं.

तिसरी, "अडकलेले पैसे सोडवून देतो, आधी थोडे भरा" असा फोन आला तर एक रुपयाही देऊ नका. फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० वर तक्रार करा. जितकी लवकर, तितकं बरं.

चौथी, माणसाला टाकून बोलू नका. हरलेला माणूस लाजेनं गप्प बसतो, आणि गप्प बसलेल्या माणसाच्या मनात काय चाललंय ते कळत नाही. झोप उडाली, जेवण तुटलं, जिवाचं काही बरं-वाईट बोलू लागला, तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. फुकट आहे, चोवीस तास आहे, आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर त्याच्यासाठी आहे, तसा तुमच्यासाठीही आहे.

पुढच्या बैठकीत गटाची वही उघडाल, तेव्हा थकलेल्या हप्त्याचं खरं कारण विचारा. विचारताना आवाज खाली ठेवा. सांगणारीला आधीच खूप जड जात असतं.