लाकोटांनी पैसे का घेतले नाहीत?

(शिबिरात केलेले भाषण)



पाड्यापाड्यावर सध्या एकच विषय आहे. खाण आली तर मोबदला किती? म्हणून आम्ही पोरापोरींनी आज अमेरिकेतल्या लाकोटा आदिवासींची हकीकत सांगायचं ठरवलं.

ब्लॅक हिल्स हे त्यांचे पवित्र डोंगर. १८६८ साली सरकारने लेखी करार केला की हे डोंगर लाकोटांचेच. चारातल्या तीन बाप्यांनी सही केल्याशिवाय ही जमीन कोणाला घेता येणार नाही. पण १८७४ साली कस्टर नावाचा फौजी अधिकारी हजारभर माणसं घेऊन आत शिरला, आणि सोनं सापडल्याची बातमी पसरली. सोन्यासाठी लोक घुसले. सुरुवातीला फौजेने त्यांना अडवलं, मग अडवायचं सोडून दिलं. उलट लाकोटांना सांगितलं, सह्या करा, नाहीतर रेशन बंद. तरी शंभरात जेमतेम दहा बाप्यांनी सह्या केल्या. तेवढ्यावर १८७७ मध्ये कायदा करून डोंगर काढून घेतले.

तिथं लीड गावात होमस्टेक खाण सव्वाशे वर्षं चालली. आठ हजार फूट खोल गेली. बाराशे टनांच्या वर सोनं निघालं. सोमल मिसळलेला गाळ १९७७ पर्यंत व्हाइटवुड ओढ्यात सोडत होते. पुढे सोन्याचा भाव पडला, खर्च परवडेना, आणि २००२ मध्ये खाण बंद. सोनं गेलं, कंपनी गेली. विषाचा गाळ ओढ्याच्या काठी राहिला.

१९८० साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने लाकोटांना दहा कोटी डॉलरच्या वर भरपाई मंजूर केली. त्यांनी घेतली नाही. ते म्हणाले, डोंगर आम्ही विकायला काढलेच नव्हते. ते पैसे व्याजासकट शंभर कोटी डॉलरच्या पुढे गेलेत, तरी तसेच पडून आहेत. आणि हे लोक काही श्रीमंत नाहीत, अमेरिकेतल्या सगळ्यात गरीब भागांत राहतात. पण पैसे घेतले की डोंगरावरचा हक्क सोडला असं होईल, हे ते ओळखून आहेत.

साथींनो, त्यांच्याकडे करार होता, तो मोडला. आपल्याकडे पेसा आहे, वनहक्क कायदा आहे. तो राखायला आपण सगळे हजर पाहिजे. म्हणून तीन कामं करू. सामूहिक वनहक्काचे दावे आधी पुरे करू. ग्रामसभेत बायांसकट सगळा पाडा बसवू. आणि ठराव मोठ्याने वाचून, समजून घेतल्याशिवाय कोणी सही-अंगठा करायचा नाही. चार जणांची सही म्हणजे गावाची सही नाही!

जोहार! जिंदाबाद!