रिकामी घमेली



सांगलीच्या विश्रामबागेत घर असलं की दारावरची बेल बहुधा विद्यार्थीच वाजवतात. १९१९ सालचं विलिंग्डन कॉलेज जवळ, १९४७ सालचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयही जवळच. त्यामुळे निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी माझी मास्तरकी काही सुटलेली नाही. गेल्या महिन्यात शेजारची मुलगी आली, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातली. एका स्वयंसेवी गटाबरोबर तिला तीन आठवडे परदेशात जायचंय, एका खेड्यातली शाळा बांधायला. "सर, तुम्ही घरच्यांना जरा समजवा," म्हणाली. घरचे म्हणजे मुख्यतः आजी. आणि आजींचा सवाल बिनतोड होता : "वीट उचलायला विमानानं कशाला जायचं गं? आपल्याकडं विटा संपल्या काय?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विमानाच्या एका तिकिटात तिथल्या गवंड्याची कितीतरी दिवसांची मजुरी निघेल. आणि जिनं आजवर थापी हातात धरली नाही, ती तिथं जाऊन कसली भिंत बांधणार? तेव्हा भिंतीखेरीज आणखी काही पदरात पडत असेल, तरच हा खर्च सार्थकी लागला म्हणायचा.

परक्या देशात जाऊन बांधकामावर राबण्याचा हा खटाटोप सुरू झाला त्याला आता शंभराहून अधिक वर्षं झाली. पिएर सेरेसोल हा स्वित्झर्लंडचा इंजिनिअर. वडील त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष राहिलेले. पहिलं महायुद्ध संपल्यावर, १९२० साली, फ्रान्समध्ये व्हेर्दंजवळच्या एन नावाच्या उद्ध्वस्त खेड्यात तो मोजके सोबती घेऊन गेला आणि घरं उभारायला लागला. त्या सोबत्यांत जर्मनही होते. ज्यांच्या तोफांनी गाव पाडलं, त्यांच्याच देशाची माणसं गाव बांधायला आलेली. गावकऱ्यांना ते पचणं अवघड होतं, आणि काही महिन्यांतच काम आवरतं घ्यावं लागलं. पण त्यातूनच 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही संघटना आकाराला आली.

हाच सेरेसोल पुढे आपल्याकडे आला. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. जमीन फाटून शेतांत वाळू आली, काही ठिकाणी जमीनच खचली आणि मग पुराचं पाणी गावांत शिरायला लागलं. मुझफ्फरपूरच्या भागात सेरेसोल आणि त्याचे सोबती अशा गावांसाठी उंचावर नवी वस्ती बांधायला राबले. सांगलीकरांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा विश्रामबाग उंचावर म्हणून कितीजणांनी इकडं आसरा घेतला, ते आपण पाहिलंय.

दुसरं उदाहरण अगदी घराजवळचं. २००६ साली लोणावळ्याजवळ मळवलीला 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' या संस्थेनं १०० घरं बांधायला घेतली. देशोदेशीची माणसं आली. त्यांत अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर होते, वय वर्षं ८२. या संस्थेचा एक नियम मला फार आवडतो. ज्याचं घर, त्यानंही बांधकामावर राबायचं. म्हणजे देणारा वर आणि घेणारा खाली, असा मामला राहत नाही. बांधकामावर हुद्दा एकच चालतो, काम येणाऱ्याचा. माजी राष्ट्राध्यक्ष असला, तरी त्याची वीट ओळंब्यात आहे का, हे गवंडीच सांगणार.

आपल्या मराठीत एक छान शब्द आहे : हाताखाली. गवंड्याच्या हाताखाली, मिस्त्रीच्या हाताखाली. आपण तो कमीपणाच्या अर्थानं वापरतो, पण शिकण्याची खरी जागा तीच असते. साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढलं, तिथली पोरं स्वयंपाकापासून शेतकामापर्यंत सगळं स्वतः करत. वेगवेगळ्या जातींची मुलं एकत्र राबली, एका पंगतीला जेवली, आणि त्यांतलेच कितीजण पुढे शाळा चालवायला उभे राहिले.

मी स्वतः हे शिकलो ते चूक करून. राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर होतं, जत तालुक्यातल्या एका गावात. ओढ्यावर पोत्यांचा वनराई बंधारा घालायचा होता. गटप्रमुख म्हणून मी वक्तृत्वाची ढाल जिंकलेला मुलगा नेमला. त्यानं झकास भाषण केलं, साखळी उभी केली आणि मुरमाची घमेली या हातातून त्या हातात निघाली. दहा मिनिटांत सगळं ठप्प! धिप्पाड पोरं भराभर घमेली पुढं ढकलत होती आणि किरकोळ अंगाच्या पोरापाशी ढीग साचत होता. खाली ओढ्यात रिकाम्या घमेल्यांची रास झाली, वर भरायला एकही शिल्लक नाही. रिकामी घमेली परत कोण आणणार, याचा विचार कुणीच केला नव्हता, मीसुद्धा नाही.

एक अबोल मुलगी साखळीतून बाहेर पडली. आणखी दोघींना हाताशी धरून तिनं रिकाम्या घमेल्यांची उलटी साखळी लावली. मग धिप्पाड पोरांमध्ये एकेक किरकोळ पोर उभं केलं. काम सुरळीत झालं. तिला कुणी नेमलं नव्हतं. तेवढ्यात गावातले एक वयस्क गवंडी आले, बंधारा पाहिला आणि म्हणाले, "मास्तर, सांध्यावर सांधा आलाय. पाणी काय थांबत नाही यात." वरचं पोतं खालच्या दोन पोत्यांच्या सांध्यावर यायला हवं, एवढी साधी गोष्ट! चार थर उतरवले, पुन्हा रचले. ढाल जिंकलेला मुलगा त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांच्या हाताखाली पोती ठेवत होता. रात्री शेकोटीपाशी त्याचं भाषण झालं, ते आधीच्यापेक्षा बरंच आखूड होतं.

आता परदेशात तरी वेगळं काय असतं? इथं आपली बोली, आपली ओळख आणि आपल्या आडनावाचं वजन आपल्या आधी कामावर पोचतं. तिथं यातलं काहीच कामी येत नाही. खुणेनं विचारावं लागतं, चुकलं की हसू होतं, आणि चार बुकं शिकलेल्या माणसाला बिगारी व्हावं लागतं. जतच्या ओढ्यावरही यातलं थोडंफार मिळतं, पण तिथून रविवारी घरी पळून येता येतं.

आजींना मी एवढंच म्हणालो, "पाठवा तिला. विटा आपल्याकडं आहेत, पण तिला 'ए पोरी, इकडं ये' म्हणणारा गवंडी विश्रामबागेत भेटायचा नाही." आजी जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "मग आल्यावर परसातली न्हाणी तिच्याकडूनच बांधून घेते." मुलगी जाते आहे. परवा विचारायला आली, "सर, तिथं पोचल्यावर पहिल्यांदा काय करू?"

म्हटलं, "रिकामी घमेली परत आणायचं काम मागून घे."