जोंगाची प्रतिकृती

जबलपूर हे तोफांचे आणि लष्करी वाहनांचे गाव. येथील गन कॅरेज फॅक्टरी 1904 सालची. 1969 साली वाहन कारखाना उभा राहिला आणि तेथून ‘जोंगा’ सैन्यात गेली. तिच्या नावात जबलपूरचेच आद्याक्षर गुंफलेले आहे.

या गाडीची 1:35 प्रमाणातली प्रतिकृती मी करावयास घेतली आणि सचित्र युद्धेतिहासाची पुस्तके जमविली. या प्रमाणात एका मिलिमीटरची चूक म्हणजे मूळ गाडीवर साडेतीन सेंटिमीटरांची. तेव्हा चित्रे डोळ्यांत तेल घालून पाहू लागलो. कळून आले ते असे, की रंगीत चित्र हा पुष्कळदा चित्रकाराचा तर्कच असतो. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर तांबडा रंग काळपट उमटे, निळा फिकट. त्यावरून रंग ठरविणारा हमखास फसतो.

माझ्या पुस्तकांत जोंगा नव्हतीच. होती ती तिची जपानी जननी, निसान पॅट्रोल. तिच्यावरून मी प्रतिकृती पुरी केली. कारखान्यातून निवृत्त झालेल्या शेजाऱ्यांनी ती हातात घेऊन न्याहाळली आणि म्हणाले, “साहेब, सुरेख आहे. पण ही निसान झाली, आपली जोंगा नव्हे.” मग त्यांनी पेन्सिल मागून घेतली आणि माझ्या आराखड्यावर आठवणीने खुणा केल्या.

पुस्तके अवश्य जमवावीत, एका चित्राला दुसऱ्याची साक्ष काढावी. परंतु ज्या हातांनी गाड्या जोडल्या, त्यांना विचारावयाचे राहू नये. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते. माणसाच्या आठवणीची निघत नाही.